दारात जाऊन काय सांगायचं?

पालघरजवळच्या आमच्या गावात एक काका आहेत. उभं आयुष्य तारापूर एमआयडीसीत पाळ्या केल्या, आता निवृत्त आहेत. शिवसेनेचे गटप्रमुख. सेनेच्या उतरंडीत गटप्रमुख म्हणजे अगदी तळाची पायरी. मतदार यादीची चार-दोन पानं त्यांच्या नावावर आणि त्या पानांवरची घरं त्यांच्या जबाबदारीची. काकांच्या लोखंडी कपाटात दुधाच्या मोठ्या पिशवीत गुंडाळलेल्या पाच जुन्या याद्या आहेत. २०१८ ची एक, २०१९ च्या दोन, २०२४ च्या दोन. प्रत्येक नावापुढे पेन्सिलीची खूण आहे. हमखास असेल तर बरोबर, नसेल तर फुली, डळमळीत असेल तर टिंब.

त्या याद्या त्यांनी एकदा माझ्यासमोर ओळीनं मांडल्या. "बघ," म्हणाले, "माणसं तीच. घरं तीच. उमेदवारांची नावंसुद्धा तीच. फक्त कुणासाठी गेलो ते दर वेळी वेगळं." मे २०१८ मध्ये ते या घरांत श्रीनिवास वनगांसाठी मत मागत होते आणि राजेंद्र गावितांना पाडा म्हणून सांगत होते. एप्रिल २०१९ मध्ये त्याच घरांत गावितांना निवडून द्या म्हणून गेले. ऑक्टोबर २०१९ मध्ये पुन्हा वनगांसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये पुन्हा गावितांच्या विरोधात, पण या वेळी हातात ठाकरे गटाची मशाल होती आणि ज्या धनुष्यबाणाची सवय त्यांनी स्वतःच या दारांना लावली होती तो धनुष्यबाण गावितांकडे होता.

राजकारण्यांच्या निष्ठेबद्दल आपल्याकडे बोललं खूप जातं. गद्दार, खंजीर, खोके हे शब्द आता लहान पोरांच्या तोंडी आहेत. मला मात्र निष्ठेपेक्षा प्रामाणिकपणाचा प्रश्न मोठा वाटतो. निष्ठा वरच्याशी असते, नेत्याशी किंवा पक्षाशी. प्रामाणिकपणा खालच्याशी असावा लागतो, ज्यानं मत दिलं त्याच्याशी आणि ज्यानं ते मागून आणलं त्याच्याशी. पालघर-बोईसरच्या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जे घडलं, त्यात या दोन गोष्टींची फारकत जितकी स्पष्ट दिसते तितकी महाराष्ट्रात क्वचितच कुठे दिसेल. म्हणून ती गोष्ट नीट, क्रमानं सांगावीशी वाटते.

सुरुवात चिंतामण वनगांपासून करावी लागते. तलासरीकडचा हा आदिवासी वकील भाजपचा जुना, जमिनीवरचा माणूस. हा भाग तेव्हा डहाणू लोकसभा मतदारसंघात होता. काँग्रेसचे दामोदर शिंगडा इथून सलग चार वेळा निवडून आलेले, आणि त्याआधी १९७७ मध्ये मार्क्सवाद्यांचे लहानू कोम. अशा ठिकाणी १९९६ मध्ये वनगांनी भाजपला जागा मिळवून दिली. १९९९ ला पुन्हा खासदार झाले, २००९ ला विक्रमगडचे आमदार, २०१४ ला पालघरचे खासदार. मधल्या पराभवांत त्यांनी पक्ष बदलला नाही. ३० जानेवारी २०१८ रोजी दिल्लीत त्यांचं निधन झालं.

जागा रिकामी झाली आणि तीन महिन्यांनंतर घटना भराभर घडल्या. निधनानंतर पक्षानं आपल्याकडे पाठ फिरवली, नेते भेटसुद्धा देत नाहीत, अशी तक्रार करत वनगा कुटुंब ३ मे २०१८ रोजी 'मातोश्री'वर गेलं आणि शिवसेनेत दाखल झालं. आपण उमेदवारी वनगांच्याच घरात देणार होतो, मित्रपक्षानं आपल्या दिवंगत खासदाराचं घर फोडलं, असं भाजपचं म्हणणं होतं. मग भाजपनं काय केलं? काँग्रेसचे माजी राज्यमंत्री राजेंद्र गावित यांना ८ मे रोजी पक्षात घेतलं आणि उमेदवारी दिली. अर्ज भरायची शेवटची तारीख १० मे होती. म्हणजे भाजपच्या निष्ठावंताचा मुलगा श्रीनिवास सेनेचा उमेदवार, काँग्रेसचा माजी मंत्री भाजपचा उमेदवार, आणि हे दोन्ही पक्ष मुंबईत एकाच मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसलेले.

प्रचारही तसाच कडवट झाला. मतदानाच्या तीन दिवस आधी उद्धव ठाकरेंनी जाहीर सभेत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या आवाजाची एक ध्वनिफीत लावली. कार्यकर्त्यांना साम-दाम-दंड-भेद वापरायला सांगितल्याचं तीत ऐकू येत होतं. फीत मोडतोड करून अर्धवट ऐकवली, असं फडणवीसांनी उत्तर दिलं. सरकार मात्र चालूच राहिलं. २८ मे रोजी मतदान झालं, ३१ मे रोजी निकाल लागला. गावित २,७२,७८२, वनगा २,४३,२१०. बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव दोन लाख बावीस हजारांच्या पुढे. मार्क्सवादी पक्ष आणि काँग्रेस वेगवेगळे लढून मागे राहिले. मतं पाच ठिकाणी फुटली आणि गावित २९,५७२ मतांनी खासदार झाले.

जेमतेम नऊ महिने गेले. १८ फेब्रुवारी २०१९ रोजी मुंबईत युतीची घोषणा झाली, भाजप २५ आणि सेना २३ जागा. पालघरची जागा सेनेच्या वाट्याला आली. आता सेनेचा उमेदवार कोण? ज्याच्या वडिलांच्या नावानं आणि आईच्या अश्रूंनी आदल्या वर्षी मतं मागितली, तो श्रीनिवास नव्हे. जागेबरोबर उमेदवारही बदलून आला. २६ मार्चला खासदार गावित सेनेत आले, धनुष्यबाणावर उभे राहिले आणि ८८,८८३ मतांनी निवडून आले. श्रीनिवासला विधानसभेचा शब्द मिळाला, आणि तो शब्द त्या ऑक्टोबरमध्ये पाळलाही गेला. पण तो पाळण्यासाठी सेनेला पालघरचा स्वतःचा विद्यमान आमदार बाजूला सारावा लागला. ते होते अमित घोडा.

अमित घोडांची गोष्ट इथे सांगितली नाही तर चित्र अर्धवट राहील. त्यांचे वडील कृष्णा घोडा २०१४ मध्ये सेनेकडून पालघरचे आमदार झाले. तेव्हा काँग्रेसकडून त्यांच्यासमोर राजेंद्र गावितच होते आणि फरक साडेपाचशेहून कमी मतांचा होता. पुढच्याच वर्षी कृष्णा घोडा गेले. २०१६ च्या पोटनिवडणुकीत सेनेनं मुलाला उभं केलं, लोकांनी सहानुभूतीनं निवडून दिलं, पुन्हा गावितांनाच हरवून. तीन वर्षांनी दुसऱ्या दिवंगत नेत्याच्या मुलासाठी या मुलाचं तिकीट कापलं गेलं. ते राष्ट्रवादीत गेले, अर्ज भरला, मग अर्ज मागे घेऊन परत आले. पाच वर्षांनी हीच पाळी श्रीनिवास वनगांवर यायची होती.

जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली. एकनाथ शिंदेंबरोबर सुरत आणि गुवाहाटीला गेलेल्या आमदारांत श्रीनिवास होते. पुढे खासदार गावितही त्याच गटात गेले. २०२४ च्या लोकसभेला पालघर पुन्हा भाजपकडे गेलं. भाजप नेते विष्णू सवरांचे चिरंजीव डॉ. हेमंत सवरा उमेदवार झाले आणि १,८३,३०६ मतांनी जिंकले. गावित भाजपमध्ये परतले. ऑक्टोबरमध्ये ते तिथून शिंदेंच्या सेनेत आले, आणि पालघर विधानसभेचं तिकीट विद्यमान आमदाराऐवजी त्यांना मिळालं. २८ ऑक्टोबरला श्रीनिवास कॅमेऱ्यांसमोर ढसाढसा रडले. उद्धव ठाकरे आपल्याला देवासारखे होते, त्यांना सोडून चूक केली, असं म्हणाले. त्या रात्री घर सोडून गेले, फोन बंद, दीड दिवस घरच्यांना पत्ता नाही. अख्खा महाराष्ट्र ते दृश्य बघत होता. कुणी हळहळलं, पुष्कळ जण हसले. मला त्या हसण्याचा राग आला होता, अजूनही येतो. गावित पुढे चाळीस हजारांच्या फरकानं निवडून आले. ते मात्र त्या रडण्यामुळे नव्हे. मतदारसंघात त्यांची स्वतःची माणसं आहेत, कामाची ओळख आहे, आणि समोरची मतं पुन्हा विभागलेली होती.

या सगळ्यात एक कागद वारंवार येतो. त्याच्याबद्दल सामान्य वाचकाला फारसं माहीत नसतं, म्हणून थोडं थांबून सांगतो. तो म्हणजे एबी फॉर्म. निवडणूक चिन्हांबाबतचा १९६८ चा एक आदेश आहे. त्यानुसार एखादा उमेदवार पक्षाचा अधिकृत उमेदवार ठरायचा असेल, तर पक्षानं दोन नमुने भरून द्यायचे असतात. 'अ' नमुन्यात पक्षाध्यक्ष कळवतो की उमेदवार जाहीर करण्याचा अधिकार अमुक पदाधिकाऱ्याला आहे. 'ब' नमुन्यात तो पदाधिकारी उमेदवाराचं नाव देतो. सही शाईचीच लागते, झेरॉक्स किंवा शिक्का चालत नाही. आणि दोन्ही नमुने अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचावे लागतात. उमेदवार त्या पक्षाचा सदस्य असायला हवा, पण तो किती दिवसांपासून सदस्य असावा याबद्दल आदेश काही म्हणत नाही. सकाळी पक्षप्रवेश, गळ्यात नवं उपरणं, दुपारी अर्ज. कायद्याच्या दृष्टीनं त्यात काहीही वावगं नाही.

पंचवीस वर्षं सतरंज्या उचललेल्या माणसाची निष्ठा आणि काल आलेल्या माणसाची निष्ठा या कागदावर सारखीच मोजली जाते. पक्षांतर्गत मतदान नाही, तालुक्यानं नाव सुचवायची सक्ती नाही. इंग्लंड-अमेरिकेत उमेदवार निवडताना स्थानिक सदस्यांना किंवा मतदारांना कमी-अधिक वाटा असतो. आपल्याकडे तो अधिकार सहीच्या टोकाशी एकवटलेला आहे. म्हणून आपल्याकडची निष्ठा त्या सहीकडे तोंड करून उभी राहते.

पालघरमध्ये याला आणखी एक पदर आहे, आणि मला तो सगळ्यांत जास्त बोचतो. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. इथली लोकसभेची जागा आणि विधानसभेच्या सहापैकी चार जागा, पालघर, बोईसर, डहाणू आणि विक्रमगड, अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. उमेदवार आदिवासी असतो. पण सही करणारा हात मुंबईत असतो, ठाण्यात असतो, विरारमध्ये असतो. जागा युतीत कुणाला द्यायची हे ठरताना गावित, वनगा, घोडा यांच्यापैकी कुणी त्या टेबलाशी नसतं. घटनेनं आदिवासींना जागा राखून दिली, पक्षांनी उमेदवार ठरवायचा हक्क स्वतःकडे राखून ठेवला. पक्ष बदलणारा उमेदवार आपल्याला दिसतो, त्याच्यावर आपण तुटून पडतो. उमेदवार बदलणारा पक्ष मात्र आपल्या नजरेतून सुटतो. २०१९ मध्ये गावितांना भाजपमधून सेनेत कुणी नेलं? दोन्ही पक्षांनी मिळून. त्याला पक्षांतर म्हणावं की बदली?

मग पक्षांतरबंदी कायदा काय करतो, असं कुणीही विचारेल. १९६७ मध्ये हरियाणातल्या गयालाल नावाच्या आमदारानं पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि 'आयाराम-गयाराम' हा शब्द देशाला मिळाला. १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली, घटनेला दहावं परिशिष्ट जोडलं गेलं. निवडून आलेल्या सदस्यानं स्वेच्छेनं पक्ष सोडला किंवा पक्षादेश मोडून मतदान केलं, तर त्याचं सदस्यत्व जाईल. सुरुवातीला एक तृतीयांश आमदार फुटले तर ती 'फूट' मानून सूट होती. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीनं ती काढली. आता फक्त दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाला संरक्षण आहे.

हा कायदा सभागृहाच्या चार भिंतींचा राखणदार आहे. निवडणुकीआधी केलेली युती निकालानंतर मोडली, तर त्यात तो येत नाही. उमेदवारीसाठी आदल्या रात्री केलेला पक्षप्रवेश त्यात येत नाही. मार्च २०१९ मध्ये लोकसभेचं शेवटचं अधिवेशन संपलेलं होतं. तेव्हा खासदारानं पक्ष बदलला तरी सभागृहात पक्षादेश मोडायचा प्रसंगच उरला नव्हता. शिवाय निवाडा करतो तो सभापती किंवा अध्यक्ष, आणि तो स्वतः कुठल्या तरी पक्षातून आलेला असतो. शिवसेनेच्या आमदारांच्या अपात्रतेचा निकाल जून २०२२ च्या फुटीनंतर दीड वर्षानं, १० जानेवारी २०२४ रोजी लागला. त्यात दोन्ही बाजूंचा एकही आमदार अपात्र ठरला नाही.

काकांच्या कपाटात याद्यांबरोबर एका मुद्रांकाची झेरॉक्स आहे. २०२२ च्या पावसाळ्यात ठाकरे गटानं राज्यभरातल्या कार्यकर्त्यांकडून निष्ठेची प्रतिज्ञापत्रं भरून घेतली. मी अमुक अमुक, राहणार अमुक, पक्षाशी आणि पक्षप्रमुखांशी एकनिष्ठ आहे, अशा मजकुराची. काका पालघरला कचेरीजवळ रांगेत उभे राहून ते करून आले. फोटो चिकटवला, सही केली, अंगठाही दिला. गठ्ठेच्या गठ्ठे निवडणूक आयोगाकडे गेले. पक्ष कुणाचा हे ठरवताना हे कागद मोजले जातील, अशी त्या माणसांची भाबडी नव्हे, अगदी रास्त अपेक्षा होती.

१७ फेब्रुवारी २०२३ रोजी आयोगाचा निकाल आला. पक्षात फूट पडली की तीन गोष्टी तपासता येतात: पक्षाची ध्येयं, पक्षाची घटना आणि बहुमत. बहुमताची कसोटी १९७१ च्या सादिक अली खटल्यापासून चालत आली आहे. काँग्रेसच्या १९६९ च्या फुटीचा तो खटला. संघटनेतल्या बहुमतावरून ठाम निष्कर्ष निघत नाही, असं आयोगानं या वेळी ठरवलं आणि विधिमंडळातलं बहुमत धरलं. सेनेच्या ५५ आमदारांपैकी ४० शिंदेंकडे होते, आणि विजयी आमदारांना मिळालेल्या एकूण मतांपैकी सुमारे ७६ टक्के मतं या चाळिसांची होती. नाव आणि धनुष्यबाण त्यांच्याकडे गेले. निकाल बरोबर की चूक हा वाद न्यायालयाचा. पण तो वाचताना माझ्या मनात काकांचा अंगठा होता. ज्या ७६ टक्के मतांनी पक्ष ठरला, त्यांतली काही मतं काकांनी पेन्सिलीच्या खुणा करत दारोदार फिरून मिळवली होती. ती मोजली गेली, पण आमदाराच्या खात्यावर. काकांची स्वतःची निष्ठा कशातच धरली गेली नाही.

शपथेनं तरी माणूस बांधला जातो का? गोव्याचं उदाहरण ताजं आहे. जुलै २०१९ मध्ये तिथे काँग्रेसचे दहा आमदार एकदम भाजपमध्ये गेले होते. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये, निवडणुकीआधी, पक्षानं आपल्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीच्या देवळात, बांबोळीच्या क्रुसापाशी आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन पक्ष न सोडण्याची शपथ दिली. तिन्ही धर्मांचे देव साक्षीला घेतले. अकरा जण निवडून आले, आणि १४ सप्टेंबर २०२२ रोजी त्यांतले आठ भाजपमध्ये गेले. आठ म्हणजे अकराचे दोन तृतीयांश पूर्ण. शपथ मोडली, पण कायद्याचं गणित अचूक पाळलं.

मग निष्ठा टिकते तरी कुठे? त्यासाठी आपल्या जिल्ह्याबाहेर जायची गरज नाही. बोईसरहून लोकल पकडली तर वाणगावनंतरचं स्टेशन डहाणू. तिथल्या डहाणू-तलासरी पट्ट्यात लाल बावटा १९४५ पासून आहे. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला गोळीबार झाला, पाच माणसं गेली, त्यांत जेठ्या गांगड होता. आज डहाणूहून मार्क्सवाद्यांचे विनोद निकोले आमदार आहेत, २०१९ ला निवडून आले आणि २०२४ ला पुन्हा. दोन्ही वेळा फरक पाच हजारांच्या आसपास. २०१९ मध्ये त्यांनी जाहीर केलेली संपत्ती ५१,०८२ रुपये होती.

ते पक्ष का सोडत नाहीत? व्यक्ती म्हणून ते सज्जन आहेत एवढंच उत्तर मला पुरेसं वाटत नाही. त्यांच्या पक्षात लोकप्रतिनिधीचं मानधन पक्षाकडे जमा होतं, आणि पूर्णवेळ कार्यकर्त्याला पक्ष ठरवेल तेवढा भत्ता मिळतो. उमेदवारी समितीत बसून ठरते. आमदारकी गेली तरी माणूस दुसऱ्या दिवशी किसान सभेच्या मोर्चात चालत असतो, म्हणजे त्याचं काम आमदारकीवर टांगलेलं नसतं. ज्याचं सगळं तिकिटावरच अवलंबून आहे, त्याला तिकीट गेलं की घर सोडून जावंसं वाटणारच. अर्थात अशा घट्ट पक्षाचेही तोटे असतात. आपल्या माणसाचं चुकलं तरी बाहेर बोलायचं नाही, ही सवय तिथेही लागते, आणि तीही प्रामाणिकपणाला मारकच असते.

बोईसरमध्ये मित्रपक्षांचा खेळ वेगळा. २००९ आणि २०१४ ला विलास तरे इथून हितेंद्र ठाकूरांच्या बहुजन विकास आघाडीचे आमदार होते. २०१९ मध्ये ते शिवसेनेत गेले. युती होती, जागा सेनेची होती, पण भाजपमधला एक बंडखोर अपक्ष उभा राहिला. तरे तीन हजारांहून कमी मतांनी पडले आणि आघाडीचे राजेश पाटील आले. त्या दिवसांत बोईसरच्या टपऱ्यांवर बंडखोराला 'वरून बळ' असल्याचं जो तो सांगत होता. खरंखोटं कुणाला ठाऊक, पण मित्रानं मित्राला पाडावं यात कुणाला आश्चर्य वाटत नव्हतं, ही गोष्ट मला जास्त गंभीर वाटते. युतीधर्म हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकलाय की त्यातला 'धर्म' कुणाला ऐकूच येत नाही. २०२४ मध्ये तरे शिंदेंच्या सेनेकडून निवडून आले. आघाडीची बोईसर, नालासोपारा, वसई ही तिन्ही ठिकाणं एकाच दिवशी गेली.

आणि वाढवण. निष्ठा कुठे वळली म्हणजे लोकांचं काय होतं, ते पाहायचं तर डहाणूच्या किनाऱ्यावर जावं. तिथल्या बंदराला मच्छीमार आणि बागायतदार नव्वदीच्या दशकापासून विरोध करत आले. न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालच्या डहाणू पर्यावरण प्राधिकरणानं १९९८ मध्ये ते नाकारलं होतं. नंतरच्या प्राधिकरणानं ३१ जुलै २०२३ रोजी त्याला मोकळीक दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते ७६,२०० कोटींच्या या प्रकल्पाचं भूमिपूजन झालं. बंदर व्हावं असं मानणारी माणसंही जिल्ह्यात आहेत, त्यांना रोजगार दिसतो, आणि ते मत प्रामाणिक असू शकतं. पण एकत्रित शिवसेना स्थानिकांच्या बाजूनं, बंदराच्या विरोधात होती. त्या भरवशावर किनाऱ्यावरच्या गावांनी धनुष्यबाणाला मतं दिली. भूमिपूजनाच्या मंचावर तोच धनुष्यबाण असलेल्या पक्षाचे मुख्यमंत्री होते. भूमिका का बदलली, हे या गावांत येऊन, चार लोकांत बसून कुणी सांगायला हवं होतं की नाही? माणसाचं मत बदलू शकतं. बदललेलं मत ज्याच्या जिवावर उठतं, त्याच्या समोर उभं राहून ते सांगण्याची हिंमत हवी. प्रामाणिकपणा म्हणतात तो मला इतकाच अपेक्षित आहे.

पालघरमध्ये पाचबत्तीला हुतात्मा स्तंभ आहे. १४ ऑगस्ट १९४२ ला कचेरीवर चालून गेलेल्या मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण गेले: सातपाटीचे काशिनाथ पागधरे, नांदगावचे गोविंद ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र चुरी, पालघरचे रामप्रसाद तिवारी, सालवडचे सुकुर मोरे. नांदगाव, मुरबे, सालवड म्हणजे आजच्या बोईसर-तारापूरच्या अंगणातली गावं. दर वर्षी त्या दिवशी बाजार बंद असतो आणि सगळ्या पक्षांची माणसं तिथे फुलं वाहायला येतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये काकाही आले होते. त्यांचा जुना सहकारी, जो दुसऱ्या गटात गेला होता, तोही आला होता. वीस वर्षं एका पिशवीतून पत्रकं वाटलेली ही दोन माणसं. स्तंभापाशी एकमेकांना ओझरता नमस्कार झाला. बोलणं झालं नाही.

२०२४ च्या विधानसभेला मी काकांबरोबर एक संध्याकाळ फिरलो. एका पाड्यावर एक म्हातारी पडवीत नाचणी पाखडत होती. काकांना ओळखून तिनं पाट दिला. "या वेळी कोण रं?" म्हणाली. काकांनी मशाल दाखवली. "आन् बाण?" "बाण आता त्यांच्याकडे." "मागं तूच सांगितलंस बाण दाब." काका काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितलं. सगळं सांगितलं, २०१८ पासून, कुणाला न झाकता. आपल्या नेत्यांचं कुठे चुकलं तेही सांगितलं. म्हातारी सुपातले खडे वेचत ऐकत होती. बराच वेळ गेला. शेवटी तिनं विचारलं, "माझ्या नातवाच्या दाखल्याचं काय झालं?"

परत येताना त्यांनी रस्त्याच्या दिव्याखाली थांबून यादी काढली, तिचं नाव शोधलं. बरोबरची खूण केली नाही, फुलीही नाही, टिंबही नाही. पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं: जातीचा दाखला, सोमवारी तहसील.